घराजवळची डेअरी

ती. आई,

तुमच्या थोरल्या सुनेचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. फोनवर सगळे ऐकत असतात, म्हणून हे पत्र.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा विषय निवडायचा होता. माझा जीव जंतूंच्या संशोधनात रमतो, तुम्हाला ठाऊकच आहे. आज सरांना तेच सांगायला गेले आणि तोंडातून निघालं, "मला अन्नतपासणी द्या."

सर म्हणाले, "नक्की? तुमचा हात तर संशोधनात चांगला बसलाय."

मी म्हटलं, "घराजवळ दुधाची डेअरी आहे, सर. तिथे नोकरी मिळाली तर मुलीजवळ राहता येईल." त्यांनी यादीत माझ्या नावापुढे तसं लिहून घेतलं.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले.

छकुली फोनवर का येत नाही? रुसली आहे की माझी सवय मोडली? खरं काय ते कळवा.

यांना एवढ्यात काही सांगू नका. "तुझं तू ठरव" म्हणतील, आणि मला तेच जमत नाहीये. तुम्हीच मला हट्टाने इथे धाडलंत, आता तुम्हीच सांगा.

महिनाअखेरपर्यंत विषय बदलता येतो. तुमचं उत्तर त्याआधी यावं असं वाटतं, आणि येऊच नये असंही.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचीच,
सून