बारावरचा काटा

२८ सप्टेंबर १९४६, शनिवार. जळगाव

ठरलं. अक्काचं ऑपरेशन धुळ्याला, प्रकाशचंद डॉक्टरांच्या दवाखान्यात. १४ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी दहा. पोटातली गाठ नारळाएवढी झाली आहे. काढली नाही तर पुढची संक्रांत दिसायची नाही, असं डॉक्टर अक्काच्या यजमानांना, वनाभाऊजींना, तोंडावर म्हणाले.

जो तो म्हणतो, डॉक्टरांचा हात चांगला. मला हाताचं भय नाही. मला भय दिव्याचं! हल्ली दिवसा गावच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून त्यांच्या टेबलावरचा दिवा आमच्या दुकानातून गेलेल्या इंजिन-बॅटरीच्या सेटवर जळतो. लढाई संपली, लष्करानं सामान मोडीत काढलं. दुकानाचे मालक केवलचंद शेठ ते लिलावात उचलतात, मी तपासतो, कागदावर सही करतो, माल दवाखान्यात नाहीतर तंबूच्या सिनेमात जातो. धुळ्याच्या सेटच्या कागदावर सही माझी आहे.

३० सप्टेंबर, सोमवार

जेवण जात नाही. श्रावणातलं ते पुन्हा पुन्हा आठवतं.

आजपर्यंत कुठं लिहिलं नाही, आज लिहितो. दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी असाच सेट दिला होता. छोटं पेट्रोलचं इंजिन, त्यावर डायनामो, शेजारी बारा व्होल्टची बॅटरी. इंजिन चालतं तोवर बॅटरीला काम नाही. इंजिन बंद पडलं की सगळा भार बॅटरीवर. त्या दिवशी ऑपरेशन चालू असताना पेट्रोलमध्ये कचरा आला, इंजिन बंद पडलं, आणि बॅटरीनं चार मिनिटं दिवा जाळून मान टाकली. डॉक्टरांनी हातातल्या टॉर्चवर टाके घातले. टेबलावरची बाई गेली.

शेठ म्हणाले, ‘जाणारच होती ती.’ मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. कारण ती बॅटरी मी दिवा न लावता, नुसती मीटर लावून पाहिली होती. बिनओझ्याची बॅटरी बारा दाखवते, मेलेलीसुद्धा! घाई होती, मोटार दारात उभी होती, मी सही केली.

अभिमन मिस्त्रींनी हे शिकवलं नव्हतं. त्यांनी भुसावळला मला चार वर्षं हाताखाली ठेवलं. आधी दिवा पेटवायचा, तासभर जळू द्यायचा, काचेवर नखानं टिचकी मारायची, मग काटा वाचायचा. ‘चांगली बॅटरीबी ओझ्याखाली जराशी उतरते. किती उतरते ते पाय.’ मिस्त्री आता नाहीत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

अक्का आली. दसरा माहेरी, मग इथूनच धुळ्याला. पोट एवढं पुढं आलंय, तरी आल्याआल्या आईच्या हातून झाडू घेतला.

२ ऑक्टोबर, बुधवार

अक्कानं माझं तोंड पाहिलं आणि हसायला लागली. ‘आपरेशन मनं शे, आन् भ्यास तू!’

मी जात्याच भित्रा. आमच्या मेहरूणच्या घरी लहानपणी परसात कडुनिंबापाशी अंधार असायचा. दिवेलागण झाली की तिकडं एकटा जायचो नाही. अक्का कंदील घेऊन उभी राहायची. मी आडोशाआडून ओरडायचो, ‘शे का?’, म्हणजे आहेस ना तिथं? ती म्हणायची, ‘शे, शे.’ दहादा विचारलं तर दहादा सांगायची. तिला अजून सगळं आठवतं. आज आईसमोर माझी नक्कल करून दाखवली, आणि मला हसू येईना.

शेठना सांगितलं, मी दोन दिवस आधी धुळ्याला जाऊन बॅटरी पुन्हा तपासणार. ‘कागद तर दिलाय ना?’ म्हणाले. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, ‘जा बाबा.’

३ ऑक्टोबर, गुरुवार

मीटर स्वच्छ केला. श्रावणातल्या त्या गडबडीत मीटरची पेटी हातातून पडली होती, काचेला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेलाय. बॅटरीच्या तेजाबावरून तिचा जोर सांगणारी नळी तर तेव्हाच फुटली, मुंबईला लिहून दीड महिना झाला, अजून पत्ता नाही. म्हणजे सगळी भिस्त या एका काट्यावर.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

सकाळी पाटावर सगळी हत्यारं मांडली. पक्कड, पाने, कानस, आणि मीटर. आईनं हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, गुळाचं पाणी फुलानं शिंपडलं. मीटरवर मात्र त्याच पाण्यानं ओलं केलेलं कुंकवाचं बोटच टेकवलं, काचेच्या ऐन मधोमध. मी म्हटलं, आई, तडा आहे, आत जाईल. ‘बठ्ठास्ले लावं, मंग याले काबर नही? हाऊच तर मनी पोरले सांभाळाव शे.’ सगळ्यांना लावलं, मग यालाच का नाही, हाच तर तिच्या पोरीला सांभाळणार.

लाल ओघळ तड्यातून गेल्यासारखा वाटला. पुसायला फडकं उचललं तर आईनं हात धरला. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं, निदान ऑपरेशन होईपर्यंत. ‘आपरेशन व्हई जास तवपावत हात लावू नको.’

हे खरं की मलाही पुसायचं नव्हतं. उगाच कशाला! वर्षभर हातातून न सुटणारी वस्तू आज पाटावर बसलेली पाहून मीसुद्धा नमस्कार केला, अगदी डोकं टेकवून. आज हत्यारांना सुट्टी.

५ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सोनं वाटलं. अक्कानं मला आपट्याची दोन पानं दिली, म्हणाली एक तुझं, एक तुझ्या मीटरचं.

७ ऑक्टोबर, सोमवार

दुकान उघडलं. नव्या बॅटरीवर मीटर लावून पाहिला. बारा. बरोबर. उगाच भ्यालो होतो कुंकवाला. काचेवर टिचकी मारायला बोट उचललं आणि कुंकू दिसलं, तसंच खाली घेतलं. शिवाय टिचकीनं तडा वाढायचा. पेटी लगेच बंद केली, दुकानात सरकीची धूळ फार.

९ ऑक्टोबर, बुधवार

अक्काच्या पोटात कळा. दिवसभर भिंतीला टेकून बसली. सोमवारपर्यंत निभेल का?

११ ऑक्टोबर, शुक्रवार. धुळे

आई, अक्का, मी. चाळीसगावला गाडी बदलली. मीटरची पेटी सगळा वेळ मांडीवर ठेवली, या खेपेस पडू दिली नाही. दवाखाना नदीच्या बाजूला, स्वच्छ आहे. अक्काला खाट मिळाली. वनाभाऊजी उद्या येतील.

डॉक्टर माझ्याशी चांगलं बोलले. मी धीर करून विचारलं, साहेब, खिडकीच्या उजेडात नाही होणार? म्हणाले, ‘गाठ खोल आहे. आत हात घातल्यावर उजेड गेला तर मला रक्ताची नस दिसणार नाही.’ मग म्हणाले, ‘पण तुम्ही आहात ना!’

मी आहे ना. तेच तर!

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज तपासणी. सगळं रीतीनं केलं. इंजिन बंद ठेवलं, दिवा नुसत्या बॅटरीवर पेटवला. मीटरच्या तारा पेटीच्या भोकातून बाहेर असतात. आधी त्या बॅटरीला जोडल्या, मग धूळ जाऊ नये म्हणून झाकण बेताचंच उघडलं आणि वहीत आकडे मांडले.

दहा वाजता बारा. सव्वादहाला बारा. साडेदहाला बारा. पावणेअकराला बारा. अकराला बारा! तासभर काटा केसभरही हलला नाही. मिस्त्री म्हणायचे चांगली बॅटरीसुद्धा जराशी उतरते. ही उतरलीच नाही! लष्करानं काय माल वापरला असेल!

प्रमिलाबाई नर्स तेवढ्यात डोकावल्या. ‘दिवा जरा पिवळा नाही वाटत?’ मी म्हटलं, बाहेर लख्ख ऊन आहे, त्यापुढं कोणताही दिवा पिवळाच दिसणार, हा काटा पाहा. त्यांनी काटा पाहिला. कुंकू पाहून हसल्या, म्हणाल्या, ‘मग काय, देवीचाच हात आहे.’

आणखी तासभर दिवा जाळायचा होता, पण खोली ड्रेसिंगसाठी हवी होती. मग इंजिन लावून बॅटरी भरायला ठेवली. इंजिनाचा कचरा काढला, पेट्रोल दोनदा फडक्यातून गाळलं.

डॉक्टरांना कागद दिला. या वेळी सही सावकाश, पूर्ण नावानिशी केली.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज पोटभर जेवलो. किती दिवसांनी! भाकरी आणि वांग्याची भाजी, दवाखान्यासमोरच्या खाणावळीत. वनाभाऊजींना सगळे आकडे दाखवले. त्यांना वाचता येत नाही, तरी ओळीनं पाच वेळा बारा पाहून त्यांनी मान हलवली.

अक्काला सांगितलं, भिऊ नको. ती म्हणाली, ‘मना भाऊ दिवा धरी उभा शे, मंग माले कसानं भ्याव?’ पण माझा हात धरला होता तो किती वेळ सोडला नाही. तिचाही हात गार होता. इतके दिवस ती माझ्यासाठी हसत होती, हे मला आज कळलं. मी गाढव!

१४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी साडेनऊ

इंजिन मागच्या ओसरीत, मी त्याच्यापाशी. ऑपरेशनची खोली भिंतीपलीकडं. अक्काला चालवत नेलं. दारात थांबून मागं वळली आणि लहानपणचं माझंच विचारलं, ‘शे का?’

म्हटलं, ‘शे, शे.’

दार लागलं. आतून कडी घातली. भूल द्यायला घेतली असेल.

साडेदहा

इंजिन नीट चाललंय. प्रमिलाबाई खिडकीतून बोटानं खूण करून गेल्या, सुरू झालं. देवा, सोडव तिला.

पावणेअकरा

मध्ये इंजिनाचे दोन ठोके चुकले. पुन्हा लागलं. पेट्रोल तर मीच गाळलंय! घाबरायचं नाही. काही झालं तरी आधाराला बॅटरी आहे, ती तासभर बारावर उभी राहिली आहे. मनाच्या समाधानाला एकदा काटा पाहून घेतो.

पावणेअकरा होऊन गेले

झाकण उघडलं. काटा बारावर.

तारा गुंडाळलेल्या, माझ्या मांडीवर. कशालाच जोडलेल्या नाहीत.

काचेवर टिचकी मारली. काटा सुटला आणि शून्यावर पडला. काट्याच्या बुडाशी लाल चिकटलंय.

म्हणजे सात तारखेला नव्या बॅटरीवर चढलेला काटा तिथंच चिकटला, शनिवारी मी बॅटरी पाहिलीच नाही. बॅटरी उतरत होती म्हणूनच दिवा पिवळा, तो प्रमिलाबाईंना दिसला होता.

दाराला आतून कडी आहे. डॉक्टरांचा हात अक्काच्या पोटात आहे. आत उजेड आहे तो या इंजिनाच्या जिवावर, आणि ते पुन्हा ठोके चुकवायला लागलंय.