अवैध ओळी मुकाट्याने वगळण्याचा हुकूम रविवारपूर्वी रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. मुतसर्रिफ (जिल्हाधिकारी) साहेब,
जिल्हा प्रशासन कार्यालय,
वादी अल-हश्शान, जॉर्डन

विषय : पाण्याच्या टँकरची यादी करणाऱ्या आज्ञावलीत चुकीची ओळ आल्यास काय करावे, याबाबत.
संदर्भ : पाणीवाटप विभागप्रमुखांचे ज्ञापन क्र. ७७, दि. १० जुलै.

महोदय,

१. अर्जदार हाइल मुफलिह हा नगरपालिकेच्या संगणक कक्षात नऊ वर्षे नोकरीस आहे. गावातील सहाशे चाळीस घरांची नोंदवही ओळीओळीने वाचून आठवड्याच्या पाळीची यादी काढणारी आज्ञावली त्यानेच लिहिली. एखादी ओळ चुकीची निघाली, तर ती बाजूला काढून वाचनाचा फेरा पुढे चालू राही. शेवटी बाजूला पडलेल्या ओळी छापल्या जात आणि अर्जदार त्या माणसांना विचारून त्या आठवड्याच्या यादीत दुरुस्त करी; मूळ नोंदवही कारकुनांकडे असे. कोणाचीही तक्रार नव्हती, आणि बहुधा हाच दोष असावा.

२. मार्चमध्ये श्री. उदैनात विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. त्यांनी फर्मावले, “चूक दिसली की काम तिथल्या तिथे थांबलं पाहिजे. शिस्त म्हणजे शिस्त!” अर्जदाराने तसे केले. सदतिसाव्या ओळीत हाज्जा थुरय्या या विधवा बाईंच्या घर क्रमांकाच्या जागी कोणी कारकुनाने “डाळिंबाच्या झाडामागे” असे लिहिले होते. फेरा तेथेच तुटला. छत्तीस घरांना पाणी मिळाले, उरलेले गाव अकरा दिवस कोरडे राहिले. विभागाच्या अहवालात मात्र “चुका : एक” अशी अभिमानास्पद नोंद झाली, कारण पहिल्या चुकीनंतर दुसरी मोजायला कोणी उरतच नव्हते.

३. गाव कचेरीवर चालून आले, तेव्हा दुसरा हुकूम निघाला. “चुकीची ओळ आली की गुपचूप पुढे जायचं. छापायचं नाही, बोंबलायचं नाही.” अर्जदाराने विचारले, “साहेब, मग ती घरं कोणाला दिसणार?” त्यावर उत्तर मिळाले, “तेच तर हवंय ना!” अर्जदार खुर्चीवर बसला आणि ती एक ओळ लिहिली. हुकूम साहेबांचा होता, बोटे अर्जदाराची होती, हे येथे कबूल करणे भाग आहे. पुढील नऊ आठवडे अहवालात “चुका : शून्य” असे येत राहिले. साहेबांना प्रशस्तिपत्र मिळाले. अठ्ठावन्न घरांच्या गच्चीवरील टाक्यांत मात्र पाण्याचा थेंब पडला नाही.

४. हाज्जा थुरय्या तीनदा कचेरीत आल्या. “बाळा, माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते तरी वाच,” म्हणाल्या. छापील यादीत त्यांचे नावच नव्हते. त्यांना घर क्रमांकासाठी अर्ज करण्यास सांगण्यात आले. त्या अर्जातील पहिलाच रकाना “घर क्रमांक” असा असून तो भरल्याशिवाय अर्ज स्वीकारला जात नाही. जूनमध्ये शेजाऱ्यांकडून पाण्याचा कॅन जिन्याने वर नेताना त्या घसरल्या आणि उजवे मनगट मोडले.

५. यावर साहेबांनी तिसरा उपाय काढला. “योग्य उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा!” अर्जदाराने निदर्शनास आणले की उत्तर माणूस देत नसून नोंदवही देते, आणि नोंदवही दरवेळी तेच सांगणार. तीनदा विचारून ओळ बाजूला ठेवावी, असेही सुचवले. “तीनच का? चार का नाही? समिती नेमतो,” असे उत्तर आले. समिती अद्याप नेमायची आहे. हुकूम अमलात आला त्या दिवशी यंत्राने सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत डाळिंबाच्या झाडाला दोन लाखांहून अधिक वेळा घर क्रमांक विचारला. भरलेले टँकर आवारात उन्हात उभे होते. चालक अबू जदआन खिडकीत येऊन म्हणाला, “अरे, मुलगी देताना माझ्या सासऱ्यानेही मला एवढं विचारलं नव्हतं!” मग पडद्याकडे बघून त्याने कपाळावर हात मारला. “झाडामागे? हे तर हाज्जा थुरय्याचं घर! गावात कोणालाही विचार. या पेटीला काय विचारत बसलायस?”

६. सात जुलै रोजी अर्जदाराने कोणाचीही परवानगी न घेता आज्ञावली पूर्ववत केली. अठ्ठावन्न ओळी छापल्या, कागद घेतला आणि अबू जदआनच्या शेजारी बसून घरोघर गेला. दोन दिवसांत सर्व घरे सापडली. एकही हरवलेले नव्हते.

७. याबद्दल ज्ञापनाद्वारे अर्जदारास निलंबित करण्यात आले आहे. आरोप असा की, “आपल्या कृतीमुळे विभागातील चुकांची संख्या शून्यावरून अठ्ठावन्नवर गेली.” हा आरोप अर्जदारास शब्दशः मान्य आहे.

८. येत्या रविवारी तपासणी पथक येत आहे. आकडा शून्य दिसावा म्हणून चुकीच्या ओळी पुन्हा गुपचूप वगळण्याचा आदेश साहेबांनी दिला असून, ते काम अर्जदाराच्या जागी आलेल्या कर्मचाऱ्याकडे सोपवले आहे. तो आज्ञाधारक आहे. अर्जदारही होता. सबब नम्र विनंती की, अर्जदारास योग्य ती शिक्षा व्हावी, परंतु ती एक ओळ पुन्हा लिहिली जाऊ नये.

९. ज्ञापनात लेखी माफी मागितली आहे. साहेबांची माफी मागण्याजोगे काही अर्जदारास आठवत नाही. ज्यांची मागायची होती, त्यांची त्याने दारोदार तोंडी मागितली. सत्तावन्न घरांनी चहा पाजला. हाज्जा थुरय्या प्लास्टरमधला हात पोटाशी धरून गच्चीवर उभ्या होत्या. अर्जदाराने खाली मान घालून सांगितले की ती ओळ त्याने लिहिली होती. त्या म्हणाल्या, “माफीचं मी बघेन, माझं मन झालं की. तू टाकी भरेपर्यंत इथेच थांब.” अर्जदार थांबला.

आपल्या शेऱ्याची वाट पाहणारा,

हाइल मुफलिह
(निलंबित) संगणक कक्ष
गुरुवार, दि. १७ जुलै २०२५

सोबत :
१) ज्ञापन क्र. ७७ ची प्रत
२) अठ्ठावन्न घरांची यादी, पाणी पोहोचल्याच्या सह्यांसह. एक सही डाव्या हाताची असल्याने वेडीवाकडी आहे, ती अवैध समजू नये.