उत्तरांची पाने नसलेले पुस्तक

ती. वन्सं,

परवा सकाळी केर काढला, पाणी भरले, दूध तापत ठेवले आणि शेजारच्या शेगडीवर मैद्याची खळ ढवळायला घेतली, तेवढ्यात तुमचे पत्र आले. नमस्कार आधी करायचा राहिला, तो आता करते. गुडघे कसे आहेत? माझे सगळे ठीक (दात सोडून). पत्र वाचता वाचता दूध उतू गेले, खळ मात्र करपली नाही. तीस वर्षांचा हात आहे. तुमचे बंधू पुस्तके बांधायचे आणि मी खळ शिजवून द्यायची.

तुम्ही लिहिता, दुकान दोन वर्षे बंद आहे, म्हणजे गिऱ्हाईक उरलेले नाही, तेव्हा ते विक आणि माझ्याकडे राहायला ये. रागावू नका वन्सं, पण यात एक गृहीतक लपले आहे. (घाबरू नका, हे औषध मी आधी बऱ्याच जणांवर वापरून पाहिले आहे.)

त्याचे असे झाले. हे गेले त्या आठवड्यात एक जाडजूड पुस्तक बांधायला आले होते, परीक्षेतल्या तर्काच्या प्रश्नांचे. यांनी पाने सुटी करून ठेवली, शिवायची राहिली. आलेले पुस्तक मी वाचल्याशिवाय कधी परत गेले नाही (शिक्षण म्हणाल तर माझे तेवढेच), म्हणून हेही वाचले. त्यात कोणीतरी काहीतरी ठासून सांगतो. आपण विचारायचे, बाबा रे, न सांगता काय धरून चाललास? आणि काय कळले तर तुझे म्हणणे लंगडे पडेल? उत्तरांची पाने मात्र गठ्ठ्यात नव्हती. त्यामुळे दोन वर्षांत माझे एकही उत्तर चुकले नाही.

दूधवाला म्हणाला, सगळी इमारत माझेच दूध घेते, म्हणजे ते उत्तमच. मी म्हटले, दुसरा दूधवाला पाय मोडून घरी बसलाय. तेव्हापासून मापावरचे घोटभर दूध बंद. वरच्या मजल्यावरची म्हणाली, नव्या गोळ्यांनी आमच्या ह्यांचे घोरणे थांबले. मी विचारले, त्यांना झोप तरी लागते का? आता तिलाही लागत नाही, आणि जिन्यात भेटली की माझ्याकडे बघत नाही.

तर परवा तुम्हाला खरमरीत उत्तर लिहायला बसले आणि दार वाजले. दवाखान्यातली एक परिचारिका.

"काकू, माझं पुस्तक होतं तुमच्याकडे."

मी म्हटले, "दुकान बंद आहे गं. बांधणारे राहिले नाहीत."

"कळलं होतं, म्हणून तर मागायला धजले नाही. पण एकदा नापास झालेय, आता शेवटची संधी आहे, महिन्यावर आली परीक्षा. आणि बंद कसं म्हणता? रोज कामावर जाताना मला खळीचा वास येतो."

"सवयीने शिजवते."

"मग त्या खळीचं करता काय?"

संध्याकाळी मोरीत ओतते, हे सांगायला जीभ रेटेना. चारशे प्रश्न सोडवलेली बाई मी, चहाचे आधण ठेवायला उठले. लपलेले गृहीतक माझ्याच घरात निघाले. यांच्यामागे दुकान उघडायचे नाही, हे मला कोणीच सांगितले नव्हते. यांनी तर नाहीच. शिवण तुझीच सरळ येते, असे म्हणून जाड पुस्तके हे माझ्याकडेच सरकवायचे.

तिला चहा पाजून पाठवले आणि संध्याकाळी दुकानाचे कुलूप काढले. पुस्तके दाबायच्या शिकंज्याचा दांडा यांनी पिळला होता तसाच होता. दोन वर्षे मी त्याला हात लावला नव्हता. सोडवायला बराच वेळ लागला. आत पुस्तकाची शेवटची पाने निघाली, दाबून दाबून अगदी सपाट झालेली. उत्तरांची! तिथेच बसून ताडून पाहिली.

तेव्हा वन्सं, दुकान विकत नाही. राहायला येईन, पण चार दिवस.

तुमची भावजय

ता.क. चारशेपैकी एकशे ऐंशी चुकली. वरच्या मजल्यावरच्या बाईला कळवू नये.

ता.क. दुसरा. खरे काम हे. पाने दुमडायची यांची हाडाची पट्टी तुम्ही आठवण म्हणून नेलीत. तिने तुम्ही पाठ खाजवता, असे भाचीकडून कळले. ती टपालाने लगेच पाठवा. पाठीला लाकडी उलथनेही चालते (हे मी गृहीत धरते).

ता.क. तिसरा. काल सकाळी खळ शिजवली आणि दुपारपर्यंत वापरून संपवली.