मेणाखालचं कुंकू

अड्यार, चेन्नई
८ फेब्रुवारी २०२५

चि. तनयास बाबांचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर मी 'सगळं ठीक' यापलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र. इथल्या खाऱ्या हवेने माझ्या सातवाहनकालीन तांब्याच्या नाण्यांवर हिरवा कळंक धरू लागलाय. नाणी जपायचं खास मेण मागवलं. बॅटरीत घालतात त्या पाण्याने नाणी धुवायची, खडखडीत वाळवायची, मग मेणाचा पातळ हात द्यायचा. अकरा झाली. तेवढेच चार दिवस बरे गेले.

बारावं अडलंय. गेल्या लक्ष्मीपूजनाला आईने त्याला कुंकू लावलं होतं. दोन हजार वर्षांच्या नाण्याची वाट लावलीस, म्हणून मी तिच्यावर खेकसलो. आणि पंधरा दिवसांत ती गेलीच. कुंकू न धुता मेण लावलं तर ओल आतच कोंडेल आणि नाणं सडेल. धुवायला घेतो आणि ठेवून देतो. काय करू ते लिही.

जेवणाची काळजी नको, कोपऱ्यावरच्या मेसमधला रसमभात मानवतो. बाबांवरचा लोभ अधूनमधून कागदावरही उतरू दे.

तुझे बाबा


नाशिक
२० फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न.

शाळा सुटल्यापासून मला कुणी पत्र लिहिलं नव्हतं. बाबा, नाणं धुवा. आईच तर तुमची नाणी चिंचेने घासायला निघायची आणि तुम्ही कपाटाला कुलूप घालायचात. तुमचं खेकसणं तिने कधी मनावर घेतलं?

पण खरं सांगते, 'धुवा' लिहिताना माझाही हात अडखळला. होळीला येते, मीच धुईन. तोवर थांबा, आणि माझ्यावर रागावू नका.

तुमची तनया


अड्यार, चेन्नई
२४ मार्च

चि. तनयास अ. उ. आ.

रजा मिळाली नाही, समजलं. मनाला लावून घेऊ नकोस. तुला घ्यायला विमानतळावर यायचं म्हणून शर्टाला इस्त्री केली होती, तो घालून बँकेत जाऊन आलो. घरी परत आलो तेव्हा मात्र फार एकटं वाटलं.

काल नाणं काढलं, वाटीत पाणी घेतलं, आणि धुतलं नाही. कुंकवावरूनच मेण लावलं, मऊ ब्रशने, कुंकू हलू नये म्हणून श्वास रोखून. माझ्यामागे ते सडलेलं सापडलं तर बाबांना शास्त्र कळत नव्हतं असं म्हणू नकोस. नाणं दोन हजार वर्षं टिकलंय. कुंकू मी असेपर्यंत टिकलं तरी पुरे.

सवड होईल तशी ये.

तुझे बाबा