गावात झोपलेल्या रात्री

१२ जानेवारी ९१, मलाझ, रियाध
आईने मधल्या खोलीच्या खिडक्यांना टेप लावली. आत रेडिओ, पाण्याचे कॅन, खजूर आणि तिचा नाशिकचा छोटा कुकर. कुकर कशाला? ‘‘बाहेर राहिला नि फुटला, तर तसा मिळतो का इथे?’’ बाकीचं घर फुटलं तरी चालेल बहुतेक. माझी सुट्टी संपत आली, विमान १८ला. तोवर युद्ध नको, पुढचं ज्याचं त्याने बघावं, असं मनात आलं. आई-बाबा इथेच राहणार आहेत हे नंतर आठवलं.

१७ जाने.
पहाटे सुरू झालं. विमानतळ बंद. बाबा नेहमीसारखे पाण्याच्या प्लँटवर. म्हणे, युद्धातही लोकांना तहान लागते. बॅग भरलेली, तशीच दारात.

१९ जाने.
बाबांना युनि.चा नियम समजावला. टर्म २२पासून आठ आठवडे. त्यातले सहा आठवडे रात्री युनि.च्या गावातच झोपलेलं पाहिजे. वर्गात गेलो का, कुणी विचारत नाही. कॉलेजच्या दारावरचा म्हातारा शिपाई वहीत रात्री मांडतो. शेकडो वर्षं हेच चाललंय. बाबा म्हणाले, ‘‘झोपायची डिग्री? मग तू पहिला येणार.’’ म्हणजे ५ फेब्रु.ला तिथे अंथरुणात हवा, नाहीतर टर्म गेली नि स्कॉलरशिपही. आई टेपचा तुकडा तोडत होती. ‘‘आणि इथे झोपलेल्या रात्री कोण मांडतं?’’

२२ जाने.
दोन दिवस भोंगे. गॅसमास्क आईच्या चष्म्यावर बसत नाही. चष्मा काढला की तिला मास्कचा पट्टा दिसत नाही. तिकडे आज टर्म सुरू. डायनिंग हॉलमध्ये लॅटिन प्रार्थना, उकडलेले बटाटे, काळे झगे सायकलच्या चाकात अडकवून पडणारी नवी पोरं. युरोपातल्या त्या एवढ्याशा गावाला मी वर्षभर शिव्या घातल्या. आज तिथले बटाटेसुद्धा…

२५ जाने.
बाबांच्या ऑफिसात माझ्या ट्यूटरचा टेलेक्स. काळजी घ्या, सूट देणं माझ्या हातात नाही, कमिटी मार्चमध्ये बसेल. सभ्य माणूस. काही उपयोगाचा नाही.

२८ जाने.
हमीदचाचा आले. दापोलीचे, इथल्या बत्हा बाजारात मसाल्याचं दुकान. बायकामुलांना जेद्द्याला ठेवून आलेत, परवा पुन्हा जाणार. ‘‘तिथून इमानं सुटतायत. पोराला मी नेतो. भाभी, तुमी पन चला.’’ आई म्हणाली, ‘‘आणि ह्यांच्या डब्याचं काय?’’ बाबांना रजा नाही.
शहर सोडायला कफीलची, म्हणजे बाबांना इथे कामावर आणणाऱ्या मालकाची, चिठ्ठी लागते. बाबांनी खिशातून काढली. आधीच आणून ठेवली होती, फक्त माझ्या नावाची. मला आनंद झाला. मग त्याची लाज वाटली. दोन्ही अजून आहेत.

३० जाने., जेद्द्याच्या वाटेवर
बॅग जड का, म्हणून पेट्रोलपंपावर उघडली. स्वेटरमध्ये गुंडाळलेला कुकर. आत मुगाच्या डाळीची पुडी. हमीदचाचा म्हणाले, ‘‘चेकपोस्टवर सांभाळ हां, बाँब समजतील.’’ मला हसू आलं नाही. चिडलो आईवर. तिच्याकडे दुसरा नाही.

३ फेब्रु.
पोचलो. दोन दिवस हातात. शिपायाने वहीत नाव घातलं. सुट्टी छान गेली? म्हटलं, हो. कॉमनरूममध्ये टीव्हीवर रियाधचं आकाश. वर काहीतरी फुटलं नि दोघांनी टाळ्या वाजवल्या. वाईट पोरं नाहीत ती. त्यातल्या एकाने मला नोट्स काढून ठेवल्यात. मी वर खोलीत आलो. रात्र पहिली.

९ फेब्रु.
संध्याकाळी एकदाचा फोन लागला. आई मजेत. ‘‘इथे काही नाही रे, सगळं शांत. खिचडी करतोस ना?’’ बाबांचा गुडघा, चष्म्याची काडी. मग तिच्या मागे काहीतरी लांब सूर धरून वाजायला लागलं. ‘‘ठेवते हं, कुकर लावलाय.’’
कुकर इथे माझ्या खिडकीत आहे.
बत्ह्यातून नवा आणला असेल. हमीदचाचा परतले असतील, त्यांनीच आणून दिला असेल. पुन्हा फिरवतोय, लाइन मिळत नाही.
रात्र सातवी.