अफियाचा पाय

४ ऑगस्ट, सोमवार
फर्स्ट शिफ्ट बुडाली. महाळुंग्याच्या अलीकडं कंपनीच्या बससमोर एक सायकलवाली पडली. कंटेनर चिकटून गेला, ती खड्ड्यात, पाय त्याच्या मागच्या चाकाखाली. आफ्रिकेची बाई. पुरुष सगळे उतरले, अर्धे मोबाईल काढून. बसमध्ये बाई मी एकटीच, म्हणून जाऊन जवळ बसले. तिनं माझं मनगट धरलं ते हॉस्पिटल येईपर्यंत सोडलं नाही. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, पेशंटचं कोण? मी म्हणाले, बहीण. तिनं आम्हा दोघींकडं पाहिलं आणि लिहून घेतलं.

७ ऑगस्ट
नाव अफिया. देश घाना. शाळेत भूगोल शिकवायची. त्यांच्याकडून सायकलवर जग फिरायला निघालेली पहिलीच बाई. माझं इंग्रजी बारावीचं, तिचं हिंदी रस्त्यावरचं. भागतं. चादरीवर बोट फिरवून रस्ता दाखवला. इथं वाळवंट, इथं बर्फ, इथं आठवडाभर कोठडी. दर सरहद्दीवर एकच प्रश्न, कुणापासून पळून चाललीस? बघायचंय म्हणून निघाले, हे कुणालाच पटत नाही म्हणाली. अजून अर्धं जग राहिलंय. पायात सळ्या घातल्यात, बाहेरून दिसतात. मी नजर वर ठेवते.

११ ऑगस्ट
घरी बिनसलं. आमच्या स्नेहलचा नागपूरच्या कॉलेजात नंबर लागलाय. गेल्या आठवड्यापर्यंत हे हो म्हणत होते. आज जेवताना लेकीला म्हणाले, "आईच्या त्या अफियाचं ऐकलंस ना? बाईमाणूस एकटं फिरलं की असं होतं. इथंच चिंचवडला बघू काहीतरी." स्नेहल ताटावरून उठली. चूक कंटेनरची, चूक खड्ड्याची, हे तोंडावर आलं होतं. तिचं ताट झाकून ठेवलं.

१४ ऑगस्ट
अ.ला ताप. जखमेला वास यायला लागलाय, ती पण ओळखते, खिडकी उघड म्हणते. डॉ. नीट काही सांगत नाहीत. सुपरवायझरकडं परत सुट्टी मागितली. तो म्हणाला, ताई, ती तुमची कोण? सुट्टी मिळाली नाही. शिफ्ट सुटल्यावर गेले.

१७ ऑगस्ट
डॉ. बोलले. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल. अ. नाही म्हणाली. डॉ.नी दोनदा समजावलं, दोनदा नाही. मग तिच्या भावाचा फोन, क्वामे नाव त्याचं. रडत होता. मला म्हणाला, सिस्टर, तुम्हीच सही करा. माझ्या सहीला काय किंमत? शुद्धीवर आहे ती. तिचीच सही लागते.
देवा, हिला अक्कल दे.

१८ ऑगस्ट
आज भांडले तिच्याशी.
निघताना गावच्या म्हाताऱ्यांनी तिला सांगितलं होतं, मोडून परत येशील. शाळेतल्या मुली मात्र फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. तोंड भिंतीकडं करून म्हणाली, "एका पायानं परत गेले, तर त्या मुलींना फाटकाबाहेर कोण सोडणार?"
मी स्नेहलचं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. ह्यांचं जेवतानाचं बोलणं पण सांगितलं, जसंच्या तसं. तिनं डोळे मिटले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तू मेलीस तर? मग तर कुणालाच सोडणार नाहीत."
बाहेर येऊन जिन्यात बसले. आजारी माणसाला असं बोलतात का.

१९ ऑगस्ट
सकाळी सही केली तिनं. मी कामावर होते, नर्सचा फोन आला. सुपरवायझरला न विचारताच निघाले. आत नेताना भेटली. माझ्याकडं बघितलं, बोलली नाही.

२१ ऑगस्ट
अजून बोलत नाही. पाय नाही तिथली चादर हातानं सपाट करत राहते. ताप उतरला नाही. उतरला नाही तर परत कापावं लागेल, गुडघ्याच्या वर. डबा तसाच परत आणला. सही करायला मी भाग पाडलं का?

२४ ऑगस्ट, रविवार
हे आले हॉस्पिटलला. पहिल्यांदाच. तुला सोडून परत येतो म्हणाले आणि आत येऊन बसले. चादरीकडं बघितलं, मग खालीच बघत राहिले. भाकरी न् शेंगदाण्याची चटणी मी पुढं केली, अ.नं थोडी खाल्ली.
मग ह्यांनी विचारलं, "रास्ते में डर नहीं लगा?"
"बहुत बार," ती म्हणाली. सही केल्यापासूनचा पहिला शब्द. "घर में रोज लगता था."
ह्यांनी मान हलवली. मग रस्त्यांचं विचारत बसले, कुठं डांबर, कुठं माती, रात्री मुक्काम कुठं. ती थकेपर्यंत.

२७ ऑगस्ट
आज गणपती बसले. आपल्याकडं कुणाचं मन नाही.
क्वामेनं तिचं परतीचं तिकीट काढायचं म्हटलंय. अ. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. संध्याकाळी ताप परत चढला. डॉ. म्हणाले, दोन दिवस बघू.
नागपूरला शुक्रवारपर्यंत हजर व्हायचंय, नाहीतर जागा जाते. स्नेहलनं माळ्यावरची बॅग काढून पुसली. हे दारात उभं राहून बघत होते. नको म्हणाले नाहीत.
हो पण म्हणाले नाहीत.