माळावरचा सत्कार

गुरुजी, तुमच्या अंगावर शाल घातली त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आज लिहायला बसलोय.

न्हावऱ्याच्या अलीकडचा आपला माळ. शाळा सुटली की तुम्ही आम्हाला तिकडं न्यायचात. एकदा गवताच्या ठोंबाखाली चंडोलाची अंडी दिसली, मी हात घातला, तर तुम्ही फाडकन मनगटावर मारलंत. "आरं, घर हाय ते त्याचं. झाडावर न्हाई म्हून काय घर न्हाई व्हय?" वर्गातही तुमची शिस्त तशीच, कुणी बोलत असताना मधेच उठलेलं तुम्हाला खपायचं नाही.

पुढं मी शिरूरला एका ट्रस्टमध्ये लागलो. शिक्रापूरकडच्या एका कारखानदाराचा ट्रस्ट. साहेब भला माणूस, पर्यावरणासाठी पदरचा पैसा देणारा. पण माळ त्यांना ओसाड दिसायचा. "इथं जंगल उभं करू," म्हणाले, आणि मी मान डोलावली. तुम्हाला कळलं तसे भर उन्हात सायकलवर ऑफिसात आलात. "झाडं लाव की, वढ्याला लाव, गावठाणात लाव. माळावर नको. हरणं मोकळ्यात पळून जगत्यात, चंडोल गवतात अंडी घालतो. सावली पडली की गवत मरंल, आन् गवत मेलं की समदंच गेलं." साहेबांशी बोलतो म्हणालो. बोललो नाही. नोकरी नवी, घरात तान्हं लेकरू, तोंडच उघडेना. जाताना तुम्ही बजावलंत, "जेसीबी आला तर मी त्याच्याम्होरं आडवा हुईन, ध्यानात ठेव." आणि तुम्ही खरंच झाला असतात.

उद्घाटनाचा दिवस. शाळेच्या पटांगणात मांडव, साहेबांची गाडी, सगळं गाव. पहिला सत्कार तुमचा. तुम्ही खुर्चीत बसलाय, अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि माझी नजर घड्याळावर. साहेब बोलायला उभे राहतात तोच माळाकडून जेसीबीची घरघर सुरू होते. तुमची मान वळते. उठायला तुम्ही खुर्चीचा हात धरता. समोर तुमचेच विद्यार्थी बसलेत, शेजारी पाहुणा बोलतोय. तुम्ही पुन्हा खाली बसता. साहेबांचं भाषण काही केल्या संपेना. संपलं तेव्हा खड्ड्यांच्या रांगा पार टेकाडापर्यंत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाल घडी करून माझ्या टेबलावर ठेवलीत. "वाचमनला दे, थंडीत लागंल." बस्स. शिव्या तरी घालायच्या होत्या हो, गुरुजी!

माळावर लावलेली ती गिरिपुष्पाची झाडं माजलीत. खाली गवत नाही, हरणं फिरकत नाहीत, चंडोल तर कधी ऐकला तेही आठवत नाही. आता साहेबांचा मुलगा ट्रस्ट बघतो. त्याला कुणीतरी माळाचं महत्त्व पटवलंय, मी नव्हे. झाडं काढून गवत परत आणायला तो पैसा देतोय. परवा म्हणाला, तुमच्या नावाची पाटी लावू. मी नको म्हटलं.

साहेबांनी गुरुजींचा केवढा मान ठेवला, असं गावात अजून बोलतात. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. कारण तो सत्कार साहेबांना सुचला नव्हता, मला सुचला होता. पाहुणा बोलत असताना तुम्ही उठणार नाही, हे तिथं मलाच पक्कं ठाऊक होतं.